काचेवरची गाठ

माणसाच्या पोटात काय आहे हे त्या माणसाच्या आधी ज्यांना कळतं असे जगात दोघंच: एक देव आणि दुसरे आमचे साहेब. आणि दोघांचंही दर्शन भर उजेडात होत नाही. देवाचं मी ऐकीव सांगते. साहेबांचं मात्र नऊ वर्षं त्यांच्या घरी दोन वेळचा स्वयंपाक केला, त्या अधिकारानं सांगते. मी बार्शीकडची, सातवीत शाळा सुटलेली बाई. नवरा फौजेतून निवृत्त झाला आणि मुल्लानपूरला नव्या इमारती उठतायत तिथं सिक्युरिटीला लागला, म्हणून माझं चंडीगड. नाहीतर ज्या मुलखात वरण म्हटलं की लोक तोंडाकडं बघतात तिथं माझं काय काम? साहेब अमरावतीकडचे. एका मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफीचे डॉक्टर, सेक्टर बत्तीसला दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. एका फौजी साहेबांच्या मिसेसनी मला तिथं कामाला लावलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं की त्यांना मराठी जेवण हवंय आणि बडबडी बाई नकोय. मी पहिल्यापासून भित्री. मी बोलत नाही, नुसती मनात रामराम म्हणत असते. म्हणून टिकले.

तीस-पस्तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत मशीनच्या पडद्याकडे बघून साहेबांचे डोळे घुबडासारखे झाले होते. घरात ट्यूबलाइटी होत्या, पण त्या लावलेल्या मी कधी बघितल्या नाहीत. दुपारी बारा वाजता जाड पडदे ओढून, एका पिवळ्या दिव्याच्या ठिपक्यात ते पेपर वाचायचे. पायात पांढरे मोजे, त्यामुळं चालल्याचा आवाज शून्य. मी कणीक मळत असायची आणि अचानक मानेच्या मागून, अगदी हळू, शब्द यायचा, "मीठ." वळून बघावं तर साहेब उभे. आत्ता आले की अर्ध्या तासापासून उभे आहेत, कळायचं नाही. मीठ कमी पडलंय हे त्यांना कणीक चाखल्याशिवाय कसं कळायचं तेही नाही. पहिल्या महिन्यात माझ्या हातून दोन वाट्या, एक तांब्या आणि अख्खं वरण सांडलं. एका वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीला त्यांना आग्रहानं बोलावलं, तर आरती सुरू व्हायच्या तोंडावर त्यांनी हॉलमधली सगळी बटणं एकेक करून बंद केली. एका कर्नलसाहेबांच्या घरच्या बायका, विद्यापीठातले मास्तर, सगळे काळोखात आरतीला उभे. फक्त निरांजनाची वात. साहेब समाधानानं म्हणाले, "आता दिसतोय." कुणी विचारलं नाही की कोण.

भाजी आणायला ते स्वतः जायचे, आणि तोही एक सोहळाच. दुधी उचलायचा, कानाशी धरायचा, दोन बोटांनी ठोकायचा, डोळे मिटायचे. कलिंगडाचं असं कुणीही करतं. हे भोपळ्याचं, वांग्याचं, फ्लॉवरचंही करायचे. आणि खाली ठेवला की तो दुधी आतून सडका निघणारच, हे मंडीतल्या सगळ्या भाजीवाल्यांना अनुभवानं माहीत. ते एकमेकांना खुणा करून साहेबांनी नाकारलेला माल बाजूला सारायचे. एका सरदारजी भाजीवाल्यानं एकदा चेष्टेनं विचारलं, "साबजी, मुंडा है के कुड़ी?" म्हणजे मुलगा की मुलगी. साहेबांनी दुधी खाली ठेवला आणि अतिशय गंभीरपणे सांगितलं, "यह बताना जुर्म है." सरदारजी पुढं आठवडाभर हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून हसत होता. साहेब हसले नव्हते. ते कायद्याचं बोलत होते.

पण त्यांचं खरं वेड वेगळं. पोटात जठराच्या मागं एक आडवा अवयव असतो, स्वादुपिंड. उजवीकडं डोकं, डावीकडं शेपटी, आंब्याच्या पानाएवढा. अन्न पचवायचा रस तिथं होतो आणि साखर आवरायची दोरीही त्याच्याच हातात. या पानावर कधी कधी पाण्याची गाठ धरते, सिस्ट म्हणतात तिला. साहेबांचा सगळा जीव त्या गाठींत. एरवी त्यांना माणसांची नावं आठवायची नाहीत, चेहरे तर नाहीच नाही. बाजारात कुणी पाया पडलं की ते त्याच्या तोंडाकडं न बघता पोटाकडं बघायचे, मग ओळख पटायची. ज्यांच्या गाठीला आज काही करायचं नसतं पण विसरूनही चालत नाही, अशा लोकांना वर्षा-दोन वर्षांनी परत तपासायला लागतं. दवाखान्याची चिठ्ठी जायची, पण साहेबांचा तिच्यावर विश्वास नव्हता. ते स्वतः फोन करायचे. नमस्कार नाही, नाव नाही. हळू आवाजात फक्त, "वक्त हो गया है. आ जाइए." आणि फोन बंद. पिंजौरच्या एका म्हाताऱ्याच्या घरी हा फोन सुनेनं घेतला. तिनं किंकाळी फोडली, घर गोळा झालं, म्हाताऱ्याला जमिनीवर घेऊन गंगाजल पाजलं. म्हातारा म्हणे एवढंच विचारत होता की जाताना पगडी कुठली बांधू. तीन दिवसांनी उलगडा झाल्यावर सगळे टेंपो करून साहेबांशी भांडायला आले. साहेबांनी म्हाताऱ्याला टेबलावर झोपवलं, तपासलं, आणि सांगितलं की गाठ केसभरही वाढलेली नाही. भांडायला आलेले लोक पेढे वाटून गेले.

आता खिडकीचं सांगते, कारण मला या घराची खरी भीती तिथं बसली. स्वयंपाकघराची खिडकी गॅसच्या मागंच, तिला पाच काचा. इथं जानेवारीत सकाळी धुकं असं उतरतं की समोरचं झाडसुद्धा ओळखू येत नाही, काचा दवानं पांढऱ्या होतात. साहेब चहाचा कप घेऊन खिडकीशी यायचे आणि बोटानं काचेवर आदल्या दिवशीचे पेशंट काढायचे. आधी ते आडवं पान, मग त्यावर गाठ. नावं आठवत नाहीत म्हणून खाली खूण: बस ड्रायव्हर असला तर चाक, शेतकरी असला तर कणीस, मास्तरीण असली तर छडी. बघायचे, मान हलवायचे, जायचे. ऊन आलं की काच कोरी. मला वाटायचं गेलं. एक दिवस मी कुकर लावला, पहिली शिट्टी झाली, वाफ काचेवर गेली, आणि त्या कोऱ्या काचेतून एकामागून एक पोटं वर यायला लागली. चाक, कणीस, छडी, महिन्यांपूर्वीची, एकावर एक, जणू आतून कुणी बोट फिरवतंय. मी गॅस तसाच सोडून जिन्यात जाऊन उभी राहिले. साहेब मागोमाग आले आणि म्हणाले, घाबरू नका बाई, बोटाचं तेल असतं, वाफ धरली की दिसतं. मग म्हणाले, "त्यातले काही आता नाहीत." हे सांगायची काही गरज होती का? पण ते तसेच होते.

त्या दिवशी त्यांनी मला काचा समजावून सांगितल्या. नऊ वर्षांतलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं तेच. पहिल्या काचेवर डबकी. दारूनं किंवा पित्ताच्या खड्यानं स्वादुपिंडाला सूज येते, माणूस गडाबडा लोळतो, रस बाहेर गळतो आणि भोवतीच्या मांसाचा बांध होऊन डबकं साठतं. ती खरी गाठच नव्हे. पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप आटतं. नाही आटलं, दाबायला लागलं किंवा पू झाला, तर तोंडावाटे दुर्बीण घालून जठरातून भोक पाडायचं आणि नळी बसवून पाणी जठरातच सोडून द्यायचं. दुसऱ्या काचेवर पोळी, मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरांची, बहुतेक वयस्कर बायकांत. निरुपद्रवी, त्रास नसला तर हात लावायचा नाही. तिसऱ्या काचेवर चिकट गाठी. आत पाणी नाही, डिंकासारखं काही. जवळजवळ सगळ्या बायकांच्याच, चाळिशी-पन्नाशीच्या, शेपटीच्या बाजूला, एक-दोन मोठ्या खोल्यांची. या पुढं जाऊन कॅन्सरकडे वळू शकतात, म्हणून सहसा काढून टाकायच्या. चौथ्या काचेवर रसाच्या नळीतच वाढणाऱ्या: फांदीतल्या असल्या तर बहुधा नजर ठेवायची, पिंजौरचा म्हातारा तिथं होता, मुख्य नळीतल्या असल्या तर बहुतेकदा ऑपरेशन. पाचव्या काचेवर न कळलेल्या. "तुम्हाला पण कळत नाही?" मी विचारलं. म्हणाले, "ज्याला सगळं कळतं त्याच्याकडं जाऊ नका."

त्यानंतर मी कुकर लावताना खिडकीकडं पाठ करायला शिकले. आणि मग माझंच दुखणं निघालं. दुखणं तरी कसलं, डाव्या बरगडीखाली जड जड, दोन घासांत पोट भरायचं. नवऱ्यानं एका खाजगी सेंटरवर नेलं. फोटो काढला, म्हणाले, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलीय, पाणी साठलंय, सुईनं काढून टाकू, संध्याकाळी घरी. नवरा खूश. मी कागद पदरात बांधून कामावर गेले आणि दोन दिवस दाखवावा की नाही यातच काढले. मोठ्या माणसाला आपलं पोट काय दाखवायचं? तिसऱ्या दिवशी पोळी वाढताना मानेमागून नव्हे, समोरून शब्द आला, "कागद द्या." पदराची गाठ त्यांना दिसली होती की आतली, ते मला आजतागायत माहीत नाही.

त्यांनी मोजून प्रश्न विचारले. कधी पोटात असं दुखलं का की दवाखान्यात ठेवावं लागलं? नाही. पित्ताचे खडे? नाही. पोटाला मार? नाही. दारू? मी पदर तोंडाला लावला. त्यांनी कागद घडी करून ठेवला. "बाई, घरात भांडण झालं नाही तर फुटलेली भांडी कुठून आली? सूज आलीच नाही तर डबकं कसं साठेल?" सुई मारू नका म्हणाले. नुसतं पाणी काढलं तर भिंत तशीच राहते, परत भरते, आणि त्या भिंतीतच सगळं असतं.

शुक्रवारी दवाखान्यात एमआरआय झाला, मग त्यांच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी स्वतः मशीन फिरवलं. गार जेल, पडद्यावर राखाडी वादळ, त्यात एक काळा गोल, आणि त्या काळ्यात बघणारे ते. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे एवढ्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, सोमवारी सांगतो. शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी आले. धुकं खिडकीला चिकटलेलं. देवाला म्हटलं, दुसरी काच, नाहीतर पहिली, जगातली सगळी दारू मी प्यायले असं म्हण पण पहिली. कुकर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. शिट्टी झाली. पहिल्या काचेवर जुनंच. दुसरीवर जुनंच. तिसऱ्या काचेवर पानाच्या शेपटीकडे एक नवीन गोल हळूहळू वर आला, जाड रेघेचा, आत भिंतीला एक ठिपका. आणि त्याच्या खाली लाटणं.

मी फडक्यानं पुसलं. दुसरी शिट्टी, परत आलं. ओल्या फडक्यानं पुसलं. तिसऱ्या शिट्टीला फिकट झालं पण आलंच, आणि आता लाटणं आधी दिसलं आणि गोल नंतर. मी नखांनी खरवडत होते तेव्हा मागून आवाज आला.

"पुसून जात नाही, बाई. काढावी लागते."

मी एवढंच विचारलं, वाईट आहे का. म्हणाले, अजून झाली नसावी. सोडली तर होऊ शकते. म्हणून सोडायची नाही. मग त्यांनी गॅस बंद केला, कारण शिट्ट्या होऊन भाताची खीर झाली होती, आणि तो भात दुपारी सगळा संपवला.

खात्रीसाठी तोंडावाटे दुर्बीण घालून आतल्या आत सोनोग्राफी केली आणि जठरातून बारीक सुईनं गाठीतलं थोडंसं काढून तपासायला घेतलं. मला भूल होती. उठल्यावर साहेबांनी सांगितलं, लॅबचे आकडे यायचेत, पण थेंब दोन बोटांत धरून ओढून बघितला, तार आली. पाण्याला तार येत नाही, चिकटाला येते. हे मात्र मला कुणी समजावून सांगायला नको होतं. आयुष्यभर साखरेचा पाक दोन बोटांत धरून बघितलाय. मी विचारलं, किती तारी? साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाले, "दीड." आमच्या दोघांच्या धंद्यात एवढंच एक सारखं होतं, आणि ते माझ्या पोटातून निघावं!

नवरा चिडला. सुईनं भागत असताना पोट फाडायचं कशाला, गावी लेक बारावीला, कुणाला काय सांगायचं? तो सरळ साहेबांच्या घरी जाऊन अंधारात उभा राहिला आणि विचारलं, गॅरंटी देता का? साहेब म्हणाले, नाही.  घरी आल्यावर म्हणाला, "फौजेत असा एक सुभेदार होता आमचा. पक्का माणूस. करून टाकू."

शेपटीकडचा भाग काढायचा म्हणजे शेजारची पानथरी, म्हणजे प्लीहाही बहुधा जाते, आणि ती जंतूंशी लढणारी, म्हणून दोन आठवडे आधीच मला लसी टोचल्या. ऑपरेशन दुसऱ्या सर्जननं केलं; साहेबांचं काम बघायचं, कापायचं नाही. पण नर्स सांगत होती की ते सगळा वेळ कोपऱ्यात उभे होते, दिव्यांचा त्रास होतो म्हणून काळा चष्मा लावून. मला शुद्ध आली तेव्हा पहिलं काय दिसलं, तर पायथ्याशी उभा एक उंच माणूस, काळा चष्मा, हात मागे, पायात आवाज नसलेले मोजे. मी ओळखलं की हा कोण. मी हात जोडले आणि म्हटलं, "चला." तो म्हणाला, "कुठं? झालंय. पडून राहा."

गाठ बाहेर निघाली तरी आत काय होतं हे तिचे काप करून भिंगाखाली बघितल्यावरच कळतं. ते दिवस मी मुल्लानपूरच्या खोलीत काढले, शेजारी काँक्रीटचं मिक्सर फिरतंय, आणि प्रत्येक फेरीला मी लेकीच्या लग्नापर्यंतचा हिशोब करून परत मोडतेय. एका दुपारी धुळीतून साहेब चालत आले. मी त्यांना उघड्यावर, उन्हात, पहिल्यांदाच बघितलं. इतके बारीक आहेत हे कधी लक्षात आलं नव्हतं. नवऱ्यानं धावत जाऊन खोलीतला दिवा घालवला. साहेब बाजेच्या कडेला बसले आणि म्हणाले, कॅन्सर नाही. पूर्ण निघाली. या जातीची अशी निघाली की परत येत नाही, तिच्यासाठी वर्षा-वर्षाला तपासायलाही लागत नाही. स्वादुपिंडाचा तुकडा गेलाय म्हणून अधूनमधून साखर मात्र बघायची आणि ताप आला तर अंगावर काढायचा नाही.

मी रडायला लागले आणि थांबेचना. साहेब घाबरले. गाठी बघून न घाबरणारा माणूस रडणाऱ्या बाईला घाबरला. इकडं तिकडं बघितलं, उठले, आणि माझ्या स्टोव्हशी जाऊन त्यांनी चहा केला. दूध आधी उतू घालवलं, मग पावडर टाकली, साखर घालायची नाही म्हणून आलं मूठभर टाकलं. मी आयुष्यात इतका वाईट चहा प्यायले नाही. कपात तळाशी काही ठेवलं नाही.

दोन वर्षांनी ते नोकरीतून पूर्ण सुटले आणि अमरावतीला बहिणीकडं गेले. जाताना त्यांनी मी पिशवीत बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यावर फक्त दोनदा टकटक करून बघितलं. सेक्टर बत्तीसच्या त्या घरात आता दुसरे लोक आहेत, मी दुसरीकडं स्वयंपाक करते. साखर तपासली की मी त्यांना फोनवर सांगायची. ते "बरं" म्हणून ठेवून द्यायचे. मागच्या महिन्यात फोन बराच वेळ वाजला, मग त्यांच्या बहिणीनं घेतला. म्हणाल्या, तो आता फारसा उठत नाही, दिवसभर डोळे मिटून असतो, माणसं ओळखत नाही, काय निरोप आहे? मी म्हटलं, चंडीगडच्या स्वयंपाकाच्या बाई, साखर चांगली आहे, सगळं स्वच्छ आहे, एवढंच सांगा. त्या आत गेल्या.  मग परत आल्या, आवाजात हसू होतं की काय ते मला कळलं नाही.

"विचारतोय, स्वच्छ आहे तर फोन कशाला केला?"

खरंच होतं त्यांचं. मी म्हटलं, "ताई, त्यांना म्हणावं, सहज."